अर्धं चित्र

"काय दिसतंय ते सांग, शालन. काय दिसायला हवं ते सांगू नकोस," सर म्हणाले.

मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आधी हे वाक्य ठरलेलं. चार वर्षांत मला ते आरतीसारखं पाठ झालं होतं. त्या दिवशी मात्र सरांचा आवाज चिरकला होता. भिंगाखालच्या काचेवर एका माशीच्या शेपटीचं टोक होतं, तांदळाच्या कणीहून बारीक, आणि त्या कणीसाठी इंगवले सर सव्वीस वर्षं थांबले होते.

सर आमच्या तालुक्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गावात त्यांचं मागून घ्यायचं नाव 'काटेसर'. शाळेत असताना मला वाटायचं, स्वभाव काटेरी असेल म्हणून. पुढं त्यांच्याकडं चित्रं काढायला लागले आणि कळलं की माणूस लोण्यासारखा आहे. मग हे नाव कुणी आणि का ठेवलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

मेफ्लाय हा त्यांचा ध्यास. मराठीत तिला नाव नाही, आपण सगळ्यांना चिलटं म्हणून मोकळे होतो. ओढ्यातल्या दगडाखाली पिल्लू म्हणून वर्षभर राहायचं, मग पंख फुटून वर यायचं, संध्याकाळी पाण्यावर नाचायचं, जोडी जमवायची आणि दिवसभरात मरायचं. तेवढ्या वेळात ती खातही नाही, कारण तिला धड तोंडच नसतं. पिल्लावरून तिची जात कळत नाही, मादीवरून कळत नाही. नर लागतो, आणि तोही पुरता वाढलेला. पंख फुटल्यावर तो आणखी एकदा कात टाकतो, त्याआधी मारला तर फुकट. अशा नराचे फेट्यासारखे फुगलेले डोळे बघायचे, लांबच लांब पुढचे पाय बघायचे, आणि सगळ्यात शेवटी शेपटीच्या टोकाशी मादीला धरायचे दोन चिमटे आणि त्यांच्यामधलं दोन फाट्यांचं जननांग. निकाल लागतो तो तिथं. बाकी सगळ्या अंगानं जुळ्या दिसणाऱ्या दोन माशा असतील, पण तिथला एखादा बाक, एखादी खाच वेगळी निघाली तर जात वेगळी.

चोवीस वर्षांच्या, लग्न व्हायच्या मुलीनं असलं काही बघून काढत बसावं, हे आमच्या घरी कुणाला पटणारं नव्हतं. मी एटीडी करून ड्रॉइंग टीचरच्या नोकरीची वाट बघत होते, तेवढ्यात सरांनी चित्रांसाठी बोलावलं. आमची आत्या म्हणायची, "स्थळ आलं की सांगूया, मुलगी कलाकार आहे. कशाची ते नको सांगायला." मलाही सुरुवातीला कान गरम व्हायचे. महिन्याभरात तेही संपलं. भिंगाखाली ते नुसते आकार असतात, रांगोळीत असतात तसे.

पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं, डावी बाजू वेगळी काढायची आणि उजवी वेगळी. पंचवीस-तीस चित्रं मी तशी काढलीही. दर वेळी दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या. मग माझ्यातली ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत पहिली आलेली मुलगी जागी झाली. त्या परीक्षेला संकल्पचित्र असतं ते आठवत असेल. कागदाच्या मध्ये रेघ मारायची, अर्धी नक्षी काढायची, ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, तो पालथा घालून वरून घासायचा, की उरलेली अर्धी आपोआप. चित्र नीटस होतं आणि निम्मा वेळ वाचतो. मी तेच सुरू केलं. डावी बाजू बघून काढायची, उजवी उलटवून घ्यायची. पहिलं तसलं चित्र सरांनी खिडकीशी नेऊन भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "हात किती समतोल आहे गं तुझा." झालं. कौतुकानं माणूस बिघडतो तो असा. अशी चित्रं होत होत आधीची धरून एकशे बारा झाली.

तोवर साखरेनं सरांचे डोळे नेले होते. खिडकी कुठं आहे एवढं कळायचं, बाकी सगळं माझ्या तोंडून. एकशे बारा चित्रांचं पुस्तक छापायला जायचं होतं, ते एका जागेसाठी अडलं होतं. सावरीच्या ओहोळातली माशी ही वेगळीच, जगात कुठं न नोंदलेली जात आहे, असं सरांचं म्हणणं. ते का, हे ते मला सांगत नसत. विचारलं की म्हणत, "नर मिळू दे, मग तूच सांग." माद्या मिळत, पिल्लं ढिगानं मिळत. नर मार्गशीर्षात चार-सहा संध्याकाळी एका डोहावर तेवढा येतो आणि वारं सुटलं की तोही नाही. धनगरवाड्यावरचा धाकलू झोरे वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून जाळी धरत होता. त्या मार्गशीर्षात तो बरणीला फडकं बांधून घेऊन आला. म्हणाला, "ह्यो एकच गावला. ह्याचं पाय लांब हाइत बघा." सकाळी बरणीतच त्यानं कात टाकली. सर शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. पंख स्वच्छ झाले का, काचेसारखे झाले का, असं त्यांनी मला इतक्यांदा विचारलं की इंगवलेकाकू आतून म्हणाल्या, "बाळंतपण आहे काय?"

दुपारपर्यंत मी टोक कापून, कॉस्टिक सोड्यात उकळून, ग्लिसरीनच्या थेंबात काचेवर ठेवलं. चित्रही काढून झालं. अर्धं बघून आणि अर्धं उलटवून. तुकडा जरा कलता पडला होता. उजवा चिमटा आत दुमडून उजव्या भागावर आडवा आला होता. झाकणाची काच उचलून सुईनं तुकडा फिरवला असता तर दिसलं असतं. एकुलता एक नर, फाटेल म्हणून हात लावला नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते कारण मी मागाहून शोधलेलं आहे. तेव्हा मनात तेवढंही आलं नव्हतं. नुसती सवय होती.

सर विचारत गेले, मी सांगत गेले.

"चिमट्याला पेरं किती?"

"तीन. मधलं सगळ्यात लांब."

"आतल्या कडेला?"

"पहिल्या पेराला फुगवटा आहे. बाकी सरळ."

"आणि मधले दोन फाटे?"

"टोकाला गोल. मध्ये खोल खाच, इंग्रजी व्हीसारखी. कडा गुळगुळीत."

"दोन्ही बाजू सारख्या?"

"हो सर."

"नीट बघितलंस?"

"हो."

सरांनी तोंड उघडलं. काहीतरी विचारायचं होतं, ते ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मग त्यांनी ओठ मिटले आणि धोतराच्या सोग्यानं उगाच चष्मा पुसला. तो चष्मा ते सवयीनंच घालत.

"मग जुनीच जात आहे," ते म्हणाले. "खाली कारवारकडं मिळते ती. बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागला. काच धुऊन ठेव."

जुनी जात निघाली की काच धुवायची, ही आमची रीत. काचा फार नसत, तुकडे ठेवायला जागा नसे. सर भिंतीला हात लावत आतल्या खोलीत जाऊन झोपले. दिवसा आडवं होताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मी झाकणाची काच सुईनं उचलली. थेंब हलला आणि तुकडा आपणहून कूस बदलून वळला. धुवायच्या आधी शेवटचं म्हणून डोळा लावला. उजव्या फाट्याच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं. काळसर, बारीक, बाहेरच्या अंगाला वळलेलं. कचरा आहे असं वाटलं. कचरा नेहमीच असतो, पाण्यातल्या जीवाला गाळ चिकटतोच. मी सुईच्या टोकानं झटकलं. निघेना. जरा जोर लावला. तो तुकडाच सुईबरोबर ओढला गेला आणि मग ते मुळापासून तुटलं. तुटलेल्या जागी भोक पडलं, कडा फाटली.

चिकटलेला कचरा काढल्यावर भोक पडत नाही. एवढं मला कळत होतं. तो त्याच्या अंगाचाच भाग होता. डाव्या बाजूला तसं काहीही नव्हतं.

आता त्याच पावली आतल्या खोलीत जाऊन सरांना उठवायचं होतं. मी काय केलं? मोरीत गेले, नळ सोडला आणि काच धुतली. भीती वाटली, एवढंच खरं. उजवी बाजू मी बघितलीच नव्हती, हे सांगावं लागलं असतं. तो भाग जातीच्या निकालाला कारण आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याचा मी आडोसा घेतला. पाण्याबरोबर तो नर गेला.

मागच्या पडवीत काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हात पुसत तिथं आले, तर त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय गं, काटा निघाला का त्याला?"

मी तिथंच जोत्यावर बसले. "कसला काटा, काकू?"

"म्हणजे सांगितलं नाही होय तुला? कसं सांगतील. तसं सांगणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही." मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, एकसष्ट साली, सरांना त्याच ओहोळावर एक नर मिळाला होता. त्याला एका बाजूला काटा होता, दुसऱ्या बाजूला नव्हता. असा मेफ्लाय कुणी बघितलेला नव्हता. सरांनी चित्र काढलं, लेख लिहिला आणि नर बाटलीत घालून परदेशातल्या एका मोठ्या तज्ज्ञाकडं पाठवला. वाटेत बाटली फुटली. तिकडून उत्तर आलं की नमुना पोचला तो भुकटी होऊन. चित्रावरून सांगायचं तर या कुळात अवयव दोन्हीकडं सारखेच असतात, एका बाजूला काटा हा कचरा असणार, नमुने आधी नीट धुवायला शिका. ते पत्र कॉलेजात फिरलं. सहकारी मास्तरांनी नाव ठेवलं, काटेसर. मुलांनी उचललं, मग गावानं.

"सव्वीस वर्षं बोलले नाहीत कुणाशी त्यावर," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, शालनला सांगा की काय बघायचं ते. तर म्हणाले, सांगितलं की तिला दिसणारच. न सांगता दिसला तरच तो काटा खरा."

चक्कर येतेय म्हणून घरी गेले आणि चादर तोंडावर ओढून पडले. आई म्हणाली, दृष्ट लागली असेल. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या तिनं.

दुसऱ्या दिवसापासून पाच संध्याकाळी धाकलूबरोबर ओहोळावर गेले. डोहावर माद्या आल्या. नर दिसला नाही. तिसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि ते राहिलंच. धाकलूनं एकदाही विचारलं नाही की आता कशाला, पण शेवटच्या संध्याकाळी जाळी गुंडाळताना म्हणाला, "बाई, गेल्या सालापास्नं पानी ढवळून गेलंय वर. खाणीचं. आता ह्यो आला त्योच लई झालं." पुढं सात वर्षं मी मार्गशीर्षात जात राहिले. नंतर तिथं पिल्लंही मिळेनाशी झाली.

आठव्या दिवशी सरांनी बोलावणं पाठवलं. खुर्चीत बसले होते, दाढी वाढली होती. काकूंनी टेबलावर कागद-पेन मांडून ठेवलं होतं. पुस्तक आता थांबवायचं कारण नाही, एकशे बारा चित्रं उद्याच छापखान्यात जाऊ देत, असं त्यांनी सांगितलं. आणि त्याआधी एक पत्र लिहायचं. तो तज्ज्ञ आता असेल नसेल, पण त्याच्या संग्रहालयात सरांचा एकसष्टचा लेख आहे. कुणी तो वाचून उगाच त्या काट्याच्या मागं लागायला नको. ते सांगत होते, मी लिहीत होते. 'मी एकसष्ट साली जी नोंद केली ती सदोष होती. त्याच ठिकाणचा दुसरा नर नुकताच तपासला असता...'

माझा हात थांबला.

"सर, काटा होता."

सरांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली.

"उजव्या फाट्याला होता. बाहेरच्या बाजूला वळलेला. काच धुताना दिसला. मला कचरा वाटला, मी सुईनं काढायला गेले आणि तुटला."

सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. इतकं मायेचं हसू की त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मला चाललं असतं. "काकूंनी सांगितलं ना तुला?" ते म्हणाले.

"सांगितलं, पण मागाहून. आधी मी बघितला होता."

"मग त्याच वेळी का नाही आलीस?"

"भ्याले. मी उजवी बाजू बघितलीच नव्हती, सर. मी अर्धंच चित्र काढते. दुसरं अर्धं उलटवून घेते. पहिल्या वर्षापासून."

"शालन," सर हळू म्हणाले, "चार वर्षं तुझी रेघ ओळखतोय मी. तू तसं करणारी मुलगी नव्हेस. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेतेस. पण असलं बरं वाटणं मला नको बाळ. आता तुला काय दिसायला हवं ते माहीत आहे. आता तुझ्या डोळ्याचा उपयोग नाही."

मी रडायला लागले. कपाटातून चित्रांचा गठ्ठा काढला आणि काकूंना म्हटलं, तुम्ही तरी बघा. वरचंच चित्र घेऊन मधल्या रेघेवर घडी घातली आणि खिडकीच्या काचेला लावलं. उन्हात दोन्ही अर्धी एकमेकांवर पडली. रेघेवर रेघ, टिंबावर टिंब. एका ठिकाणी शाई किंचित पसरली होती, तेवढं सोडून सगळं जुळलं. माणसाच्या हातानं दोनदा काढलेली गोष्ट इतकी जुळत नाही. मग दुसरं चित्र लावलं, तिसरं लावलं. काकू अंगठा लावून लावून बघत होत्या. चौथ्याला त्यांनी माझा हात धरला. आणि मग त्या गठ्ठ्याकडं बघत उभ्या राहिल्या. एकशे बारा चित्रं. नवऱ्याची उरलीसुरली नजर त्यात खर्ची पडली होती. उद्या छापखान्यात जायचा होता तो गठ्ठा.

"काय चाललंय?" सरांनी विचारलं. "कागद वाजतात."

"हिचं चित्र दुमडून बघतेय," काकू म्हणाल्या.

"जुळतंय?"

मी काकूंच्या तोंडाकडं बघत होते. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

"छे," त्या म्हणाल्या. "कुठं जुळतंय. इकडं जरा जाड आहे, तिकडं बारीक आहे. दोन्हीकडं फरक आहे."

"असणारच," सर म्हणाले. खुर्चीत मागं टेकले. "हातानं काढलंय तिनं. चल शालन, डोळे पूस. कुठवर आलो होतो?"

मी वाचून दाखवलं. 'दुसरा नर नुकताच तपासला असता.' ते पुढं सांगत गेले आणि मी लिहीत गेले. दोन्ही बाजू सारख्या आढळल्या. कोणताही काटा आढळला नाही. पूर्वीचा काटा हा बाह्य कचरा असावा, हे आपलं मत बरोबर होतं. सही कुठं करायची ते त्यांना दिसेना, म्हणून त्यांचा हात धरून मी योग्य जागी टेकवला. सही मात्र त्यांनी झोकात केली, पूर्वी मस्टरवर करत तशी.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"सगळीच तशी?" त्यांनी विचारलं.

"पहिली पंचवीस-तीस सोडून."

"ती कुठली ते सांगता येईल?"

"एकेक दुमडून बघावं लागेल. क्रम बदललाय सरांनी."

त्यांनी फाटकाची कडी लावली. "पत्र आजच टाक," म्हणाल्या. "आणि उद्यापासून यायला नको."

मी पत्र टाकलं. सर पुढच्या उन्हाळ्यात गेले. दहाव्याच्या दिवशी चार लोक होते. पुस्तक त्याआधी महिनाभर आलं आणि काकूंनी ते त्यांच्या हातात दिलं होतं, असं मला तिऱ्हाइताकडून कळलं. ते पानांवरून बोटं फिरवत बसायचे म्हणे. मला नोकरी लागली, लग्न झालं, एकतीस वर्षं मी पोरांना ड्रॉइंग शिकवलं. इंटरमिजिएटचं संकल्पचित्र आलं की मी वर्गाबाहेर जायची आणि दुसऱ्या मास्तरांना पाठवायची. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा पत्ता शोधत घरी आला. मेफ्लायवर पीएचडी करतो म्हणाला. आमच्या भागातले नर ओळखायचे तर आजही सगळे इंगवले सरांच्या पुस्तकावरूनच ओळखतात, इतकी नेमकी चित्रं दुसरीकडं नाहीत, म्हणून त्याला माझ्या पाया पडायचं होतं. त्याच्या हातातलं पुस्तक पानापानांवर खुणा करून झिजलं होतं. मी त्याला बसवलं, चहा केला. तो एकेक चित्र दाखवून विचारत होता, ही खाच अशीच होती ना, हा बाक असाच होता ना. मी हो म्हणत होते. डाव्या बाजूंबद्दल मी खोटं बोलत नव्हते. उजव्या बाजूंतल्या किती खऱ्या आहेत, ते मला माहीत नाही आणि काचा धुऊन टाकल्यावर आता कुणालाच कळायचं नाही.